लंडन नाशिकपासून किती तासांवर?

मुंबईपासून लंडन किती लांब, याचे उत्तर नकाशा देतो: हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमान कंपनी तेच तासांत सांगते: जाताना साडेनऊ-दहा तास, येताना थोडे कमी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारे वारे परतीच्या विमानाला मागून रेटतात. पण नाशिककराचा प्रवास विमानाच्या शिडीपाशी सुरू होत नाही, तो घराच्या उंबऱ्यापाशी सुरू होतो. आणि माझे म्हणणे असे, की यापुढे वाचवण्याजोगा वेळ आकाशात फारसा उरलेला नाही. तो जमिनीवर आहे.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे टप्पे घेत लंडनला निघाले. ते कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडे. 1960 मध्ये बोइंग 707 आले आणि हा वेग नऊशेच्या घरात गेला. आजची अद्ययावत विमानेही साधारण तेवढ्याच वेगाने उडतात, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. कोणी म्हणेल, कॉन्कॉर्ड विमानाने ही मर्यादा ओलांडली होती. ओलांडली खरी, पण शंभरेक प्रवाशांसाठी अफाट इंधन जाळून, आणि तेही बहुतांशी समुद्रावरून, कारण त्याचा गडगडाट वस्तीवर चालण्यासारखा नव्हता. 2003 मध्ये ते थांबले.

आता जमिनीकडे पाहू. घरापासून मुंबई विमानतळापर्यंत चार तास धरा, उड्डाणाआधी तीन तास हाताशी ठेवा. म्हणजे विमान हलण्यापूर्वीच सात तास खर्ची पडले! जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, मुंबईची वाट सोपी झाली, मग नाशिकजवळच्या ओझर विमानतळाचा आग्रह कशाला, असा आक्षेप येतो. तो टाकाऊ नाही. कसाऱ्याचा घाट त्याने सुसह्य केला. मात्र आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच, आणि जिचा भरवसा नाही त्या वाटेसाठी माणूस दोन तास जादा घेऊनच निघतो. तो धास्तीचा वेळही प्रवासातच मोजला पाहिजे.

ओझर नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथून दिल्ली सुमारे 990 किलोमीटर, दोनेक तासांची. दिल्लीमार्गे लंडन किलोमीटरांत लांब पडते, शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडचा फेराही वाढला. तरीही दिल्लीतला मुक्काम दोन-तीन तासांचा असेल, तर ही वाट मुंबईच्या तोडीची ठरू शकते. तोच सात-आठ तासांचा झाला, की तिचा सारा लाभ बुडाला. म्हणून ओझरसाठी मागणी करताना नुसती विमानांची संख्या मागू नये. दिल्लीच्या रात्रीच्या उड्डाणांशी जुळणारी वेळ मागावी, आणि ओझरला दिलेली बॅग थेट लंडनलाच हाती पडेल अशी सोय मागावी.