नेपल्समधला मंगळवार

(तेर येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'युरोपातील अनुभव'. छापणाऱ्याचा गैरसमज झालाय. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर मी वर्षभर इंग्लंडात होतो खरा, पण वर्ग, लायब्ररी आणि खोली याच्यापलीकडचा युरोप काही पाहिला नाही. शेवटचा प्रबंध दिला, चार दिवस हाताशी होते, खिशात थोडे पैसे उरले होते. सॅक पाठीवर टाकली आणि इटलीतल्या नेपल्स शहरात उतरलो. सप्टेंबर 2019, वार मंगळवार. त्या एका दिवसाबद्दल बोलतो.

नेपल्सच का? तर आपल्या बाहुलीमुळं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं आपल्या गावात संग्रहालय आहे. शाळेत असताना तुम्हाला रांगेनं नेलं असेल. त्यात हस्तिदंताची एक छोटी बाई आहे, अंगावर दागिनेच दागिने. तशीच एक इटलीत सापडली, 1938 साली, पाँपे नावाच्या गाडल्या गेलेल्या शहरात. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस डोंगर फुटला आणि ते शहर राखेखाली गेलं. घरं गेली, माणसं गेली, आणि एका घरात ही हिंदुस्थानी बाई तशीच राहिली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. ती तेरचीच असा दावा मी करत नाही. भोकरदनलाही तशीच एक सापडलीय, कुणी मथुरेचं नाव घेतं, पंडितांचं भांडण चालू आहे. चालू दे. मला आपलं वाटलं, गावची बाई परमुलखात आहे, भेटून यावं.

स्टेशनपुढच्या गारिबाल्दी चौकात बस थांबली. उतरलो आणि उभाच राहिलो. हातात काम नाही. कुणाचा निरोप नाही. कुणी वाट बघत नाही. अर्धा तास मी एका कठड्याला टेकून होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, नाक्यावरचा मजूर आहे, मुकादमाची वाट बघतोय.

आपल्या माणसाला चालायला शिकवायची गरज नाही. माझा आजा निजामाच्या राजवटीत येसकर होता. पाटलाचा सांगावा घेऊन ढोकीपर्यंत अनवाणी. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं डोक्यावर, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत. तिथनं पुढं त्या गावचा महार ते उचलायचा. बाप पोरवयात बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, पुढं ऊसतोडीला. पिढ्यान्‌पिढ्या आपण चालतोय. पण आजाला परगावच्या वेशीत कुणी विचारलं असतं, 'कशाला आलास रं?' आणि तो म्हणाला असता, 'काही न्हाई, उगंच, गाव बघाया आलो', तर त्याची पाठ फोडली असती.

ही अतिशयोक्ती वाटते का कुणाला? 1934 साली बाबासाहेब जवळपास तीस कार्यकर्त्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून दरवाज्याजवळच्या तळ्यात हातपाय धुतले. तळं बाटलं म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती या अटीवर, की आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई दिला. अमेरिकेची डॉक्टरेट, लंडनची डॉक्टरेट, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस, आणि किल्ला बघतोय पहाऱ्यात! हे आपल्याच मराठवाड्यात झालं. आपला पर्यटनाचा इतिहास लिहायचा तर तो इथनं सुरू करावा लागेल.

तर मी चालायला लागलो. विचारत विचारत संग्रहालयापाशी पोचलो. केवढी ती इमारत! आणि दार बंद. पाटी वाचली. मंगळवारी सुट्टी.

हसा, हसा. मीही हसलो असतो, पण शेजारी आणखी एक घोळका फसलेला होता आणि तो चक्क मराठी बोलत होता. पुण्याकडची मंडळी, एका टूर कंपनीबरोबर आलेली. वर्षभरानं रस्त्यावर मराठी ऐकली, खोटं कशाला बोलू, पोटात कालवलं. मीच बोललो पुढं होऊन. एका काकूंनी चिवड्याची पिशवी पुढं केली. एका काकांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"तेर."

"अरे वा, गोरोबाकाकांचं तेर! आणि आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा, अच्छा. म्हणजे सरकारतर्फे आलात."

म्हटलं, "नाही, विमानानं आलो."

एक कॉलेजातली पोरगी तेवढी हसली. चिवड्याची पिशवी मागं घेतली नाही, खरं ते सांगितलं पाहिजे. दुसऱ्यांदा पुढं मात्र आली नाही. सकाळपासून विमानतळावर, बसमध्ये, चौकात शंभर माणसं भेटली, माझ्या आडनावात कुणाला रस नव्हता. सात समुद्रापलीकडं ते विचारलं ते आपल्या मायबोलीत.

मग आत शहरात घुसलो. स्पाक्कानापोली म्हणून एक गल्ली आहे, शहर मधोमध चिरत गेलेली, सरळ, अरुंद. वर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत धुणं वाळत घातलेलं. तळमजल्याला एकेका खोलीचे संसार. दाराबाहेर खुर्ची टाकून म्हाताऱ्या शेंगा सोलत बसलेल्या, आतली शेगडी रस्त्यावरनं दिसते. आपल्या वस्तीत आल्यासारखं वाटलं, फक्त घरं उंच. इटलीच्या उत्तरेकडचे लोक या दक्षिणेकडच्यांना आळशी म्हणतात, घाणेरडे म्हणतात. शब्द ओळखीचे निघाले! आणि त्या दक्षिणेकडच्यांच्याही खाली कुणीतरी आहेच. फुटपाथवर चादर अंथरून आफ्रिकेतले पोरं पट्टे, पिशव्या विकत होते. पोलीस दिसला की चादरीची चार टोकं धरून पळायचे. म्हणून सांगतो, तिथं स्वर्ग आहे असं सांगत कुणी आला तर त्याला चादर उचलून पळणारा पोरगा दाखवा.

आता कॉफीचं सांगतो. तिथं कॉफी उभ्यानं पितात. मी प्यालो, दुकानदारानं माझ्या हातातला कप घेतला, धुतला, आणि काही वेळानं त्याच कपात कोट घातलेल्या एका म्हाताऱ्याला कॉफी दिली. मी बघतच राहिलो. कपाच्या कडेला टवका गेला होता, म्हणून ओळखता आला. माझा बाप तरुणपणी ज्या हॉटेलात चहा प्यायचा तिथं त्याची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची. स्वतः धुवायची, स्वतः पालथी घालायची. चहा वरनं ओतायचे. पैसे मात्र आत घ्यायचे, ते बाटत नव्हते.

नेपल्समध्ये जुनी रीत आहे. ज्याच्याकडं आहे तो दोन कॉफींचे पैसे देतो, एक स्वतः पितो, एक ठेवून जातो. नंतर कुणी कफल्लक येतो, विचारतो, शिल्लक आहे का? असली तर त्याला मिळते. नाव नाही, गाव नाही, जात नाही. मीही एक ठेवली. माझ्या हिशेबात ती बापाच्या नावाची होती, पण हे त्या दुकानदाराला कसं समजावणार!

दुपारी समुद्राकाठी गेलो. समोर व्हेसुव्हियस, निवांत. दगडावर बसून भाकरीसारखा जाड पाव खाल्ला. तिथं मला पेरिप्लस आठवलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याचं टिपण आहे ते. त्यात आपल्या गावाचं नाव आहे, तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तगरहून जाडंभरडं कापड, मलमल निघायचं आणि नीट रस्ताही नसलेल्या मुलखातनं गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं, तिथनं जहाजात. व्यापाऱ्यांची बंदरं लिहिलीत, मालाची यादी लिहिलीय. गाडी रुतल्यावर चाकाला खांदा लावणाऱ्याचं नाव नाही. ते कोण होते, त्यांची जात काय, आज कुणी सांगू शकत नाही आणि मी छाती फुगवून 'आपलेच' असंही म्हणणार नाही. एवढंच, की त्या मालाबरोबर नेपल्सच्या बाजूला जाऊन दोन घटका दगडावर बसायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मला तरी कुठं बोलावलं होतं? मी गेलो.

रात्री स्वस्तातल्या हॉस्टेलवर. आठ जणांची खोली, वर-खाली खाटा. काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट बघितला, खाटेचा नंबर सांगितला, संपलं. पुण्यात एम. ए. करताना मी अकरा घरं बघितली होती. खोली रिकामी असायची, आडनाव सांगेपर्यंत. 1917 साली बडोद्यात नोकरीवर हजर झालेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत पारशी म्हणून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोकांनी बाहेर काढलं. मला नेपल्समध्ये खाट नंबर सहा. वरच्या खाटेवर एक पोलंडचा पोरगा इतका घोरत होता की झोप लागली नाही. पण ती तक्रार कुणीही केली असती. निव्वळ घोरण्याची तक्रार करायला मिळणं ही केवढी चैन आहे, ते त्या रात्री कळलं.

बुधवारी बाहुली पाहिली. चोवीस-पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. पायाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलंय. लोक येत होते, दोन मिनिटं बघून पुढं जात होते. मी तासभर उभा होतो. पहारेकरी बाई दोनदा चक्कर मारून गेली, काही बोलली नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. शेवटचं एक काम. पासपोर्टला छत्तीस पानी पुस्तकाचे 1500 रुपये लागतात. जन्माचा दाखला, आधार, दहावीचं सर्टिफिकेट घेऊन या. अर्ज मी भरून देतो, पोलीस चौकशीला घरी माणूस आला तर काय सांगायचं तेही सांगतो. पोरींनी आधी यावं. सभा संपल्यावर मी इथंच, पाराखाली बसणार आहे.

जयभीम.