पाण्याकाठची जमीन
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ह्या आनंदाच्या प्रसंगी आम्ही पाण्याविषयी चार शब्द बोलू इच्छितो. सोलापुरासारख्या अवर्षणाच्या मुलखात हा विषय कोणासही परका वाटणार नाही. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाशी निगडित आहे. अदिला नदीवरील एकरूख तलाव, ज्यास आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ साली पुरा झाला. आणि भीमेवरील उजनी धरण १९८० साली.

परंतु तळ्याचे पाणी तळ्यात उपजत नाही. ते भोवतालच्या जमिनीवरून वाहत येते. त्या जमिनीवर जी घाण सांडते व जी माती सुटते, ती अखेर पाण्यातच उतरते. म्हणून ज्यास पाणी राखावयाचे, त्याने काठची जमीनही राखिली पाहिजे.

केंद्र सरकारने २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना काढिली. तीत खर्चाच्या शंभर रुपयांपैकी सत्तर केंद्राने व तीस राज्याने द्यावे, असे ठरले होते. आपला सिद्धेश्वर तलावही तीत समाविष्ट झाला. २०१३ साली ही योजना पाणथळ जागांच्या योजनेशी जोडण्यात आली. अशा अनुदानातून सांडपाणी वळविणे, गाळ उपसणे, काठ बांधून काढणे ही कामे होतात. ती उपयुक्त खरीच. तथापि वरची जमीन उघडी व मलिन राहिली, तर उपसलेला गाळ पुन्हा येतोच.

परदेशी ह्याहून एक पाऊल पुढे टाकिलेले दिसते. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने एक निधी स्थापन झाला. समुद्रातील तेल व वायू ह्यांच्या उत्पन्नातून त्यात भर पडते, व जमीन खरेदीसाठी राज्यांस निम्म्यापर्यंत खर्च मिळतो. न्यूयॉर्क शहराने तर १९९७ च्या करारानंतर आपल्या पाण्याच्या उगमाकडील डोंगरांत जमीन विकत घेतली. मात्र राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, आणि बाजारभावाने. कित्येकांनी जमीन स्वतःकडे ठेवून केवळ तीवर बांधकाम करण्याचा हक्क विकिला.

ह्या 'राजीखुशीने' शब्दाकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो. राजा अहाबाने नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे मोलच देऊ केले होते. नाबोथ नाही म्हणाला, तेव्हा त्याचा प्राण गेला. सत्कार्यासाठी मागितलेली जमीनही अन्यायाने घेतली जाऊ शकते. उजनीच्या पाण्याने आपली तहान भागते, परंतु त्या पाण्याखाली कित्येकांची गावे गेली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट व खेड्यात चौपटीपर्यंत मोबदला ठरविला, ही गोष्ट चांगली झाली. परंतु तो मोबदला वेळेवर हाती पडेल, तेव्हाच तो खरा.

म्हणून आमचे मागणे असे की, तळ्यांच्या अनुदानात काठची जमीन राजीखुशीने विकत घेण्यासही वाटा असावा. ग्रामसभेत व नगरसेवकांजवळ हे आपण निर्भयपणे मांडावे. पाणी सर्वांचे आहे. मग त्याचे मोल एकट्या शेतकऱ्याने का द्यावे? ते सर्वांनी मिळून द्यावे, हाच न्याय होय.

परमेश्वर आपल्या नगरास पाऊस व सुबुद्धी देवो.