पॅगानिनीच्या व्हायोलिनवर जॅझ

इटलीतल्या जिनोआ शहराने एक व्हायोलिन जिवापाड जपलं आहे. ग्वार्नेरीने 1743 मध्ये घडवलेलं, विख्यात व्हायोलिनवादक पॅगानिनीने मृत्युपत्राद्वारे शहराला दिलेलं. आवाज असा दणदणीत, की पॅगानिनी त्याला ‘तोफ’च म्हणे.

डिसेंबर 2001 मध्ये ते एका मैफलीसाठी डेट्रॉइटच्या जॅझ व्हायोलिनवादक रेजिना कार्टरच्या हाती आलं. जॅझ वाजवणाऱ्या कलाकाराला ते प्रथमच मिळत होतं, त्यामुळे काही जिनोआकरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मैफल मात्र रंगली. मग याच व्हायोलिनवर ध्वनिमुद्रण झालं आणि 2003 मध्ये ‘पॅगानिनी: आफ्टर अ ड्रीम’ हा अल्बम आला.

गंमत म्हणजे, नावात पॅगानिनी असला तरी भर दुसऱ्यांच्याच संगीतावर. राव्हेलची मूळ पियानोवरची ‘पावान’, फोरेचं गायकासाठी लिहिलेलं गीत, देब्युसी, पियाझोलाचं ‘ओब्लिव्हियन’, ‘सिनेमा पॅराडिसो’ चित्रपटाची धून, शिवाय ‘अलेक्झांड्रा’ ही रेजिनाची स्वतःची रचना. एकीकडे वाद्यवृंदातली तंतुवाद्यं, दुसरीकडे पियानो, बास आणि ड्रम्सची जॅझ संगत. ओळखीची चाल आधी सरळ येते, मग ताल हलतो आणि रेजिना उत्स्फूर्त विस्ताराकडे वळते. कर्मठांना हे रुचेल असं नाही; पण वाद्य कपाटात नुसतं मिरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं!