धरणी का हालते?



आपल्या केळझरला विहीर खणली, की काळा दगड लागतो. हाच दगड थेट सह्याद्रीपर्यंत पसरला आहे. तो कठीण खरा, पण त्याच्याही खाली, खोल खडकांत मोठमोठ्या भेगा आहेत.

शेष डोके हलवतो म्हणून धरणी हालते, असे जुनी माणसे सांगत. शास्त्रज्ञांनी काय शोधले, ते ऐका. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना रेटत असतात. चिखलात बंडीचे चाक रुतले, की बैल ओढतात, ओढतात, चाक हालत नाही. मग एकदम हिसका बसतो. तसेच खडकांचे. वर्षानुवर्षे ताण साचतो आणि एका क्षणी खडक सरकतो. तोच भूकंप! जात्यात दाणा भरडावा, तसा भेगेतला दगड भरडून निघतो.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या धरणात १९६२ साली पाणी साठू लागले. मग धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. धरणाचे पाणी भेगांत मुरते, त्याचा दाब पडतो, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. ते तपासायला त्यांनी तेथील गोठणे गावी ३ किलोमीटर खोल भोक पाडले. ते २०१७ साली पुरे झाले. वर सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड, खाली ग्रॅनाइट! त्या दगडांचा अभ्यास कराडच्या सरकारी प्रयोगशाळेत चालतो.

तुम्ही म्हणाल, मग भूकंप कधी येणार ते कळेल का? दिवस आणि वेळ आज जगात कोणीच सांगू शकत नाही. कोणी सांगितली, तर ती अफवा समजा.

किल्लारीचा भागही सुरक्षित मानला जात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसे गेली. कशाने? दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळून. भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती.

म्हणून घर बांधण्याआधी गवंड्याला तीन गोष्टी विचारा. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालणार ना? कोपरे एकमेकांत गुंतवणार ना? दारा-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून सळई-सिमेंटचा अखंड पट्टा फिरवणार ना? 'हो' म्हणेल, तरच पाया खणा. थोडा खर्च वाढेल, पण लेकरे त्याच छपराखाली निजणार आहेत.