निवृत्तीचा छंद आणि आकाशातले सिग्नल

(रायपूर येथे निवृत्त रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



पेन्शन, पास, औषधोपचार यांवर आधीचे वक्ते बोलले. मी वेगळा विषय घेतो, हसू नका. विषय आहे कॅमेरा लावलेल्या ड्रोनचा.

आपल्या शाखेतल्या काही निवृत्त साथींनी हे यंत्र घेतले आहे. त्यातले एक जुने गार्ड. उभी नोकरी ब्रेकव्हॅनमधून मागे पळणारे रूळ पाहण्यात गेली. ते मला म्हणाले, "सचिवसाहेब, खारून नदी पुलावरून हजारदा ओलांडली, पण ती वळते कशी ते परवा पहिल्यांदा पाहिलं." ऐकून बरे वाटले. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, ही कामगार चळवळीची जुनी मागणी. त्यातले शेवटचे आठ तास रनिंग स्टाफला नोकरीत कुठे मिळाले? आता मिळाले आहेत, तर त्याला कोणी पोरखेळ म्हणू नये.

पण दुसऱ्या एका साथीची गोष्ट ऐका. सेटलमेंटच्या पैशातून त्यांनी मोठी रक्कम काढली आणि एका दुकानातून परदेशी यंत्र बिलाशिवाय आणले. तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे; संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढाच अपवाद. नोंदणी होईना, दुकानदार परत घेईना. यंत्र कपाटात पडून आहे. घरी सूनबाई काय म्हणाल्या ते इथे सांगत नाही. तेव्हा पक्के बिल आणि नोंदणीची खात्री झाल्याशिवाय पैसे मोजू नका.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला नॅनो म्हणतात. ते उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतचे, हौसेसाठी असेल तर, त्यालाही लागत नाही. नियम मोडल्यास दंड मात्र १ लाख रुपयांपर्यंत आहे. पेन्शनरला तो परवडणारा नाही.

सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे आहेत. आपल्याला वाटते, हे तर आपलेच. इथेच रेल्वेचा माणूस फसतो! आपल्याकडे पिवळा म्हणजे सावधपणे पुढे चला. तिथे पिवळा म्हणजे हवाई नियंत्रकाची परवानगी मिळेपर्यंत थांबा. लालसाठी केंद्र सरकारची परवानगी. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. आपल्याला माना विमानतळ जवळ आहे, शिवाय हे राजधानीचे शहर. काल हिरवी असलेली जागा आज तात्पुरती लाल होऊ शकते. म्हणून दर वेळी नकाशा पाहा, जसे ड्यूटीवर चढताना कॉशन ऑर्डर पाहत होता.

यार्ड, स्टेशन आणि लाइनवर मात्र उडवूच नका. चाळीस वर्षे तिथे घालवली म्हणून तो आपला हक्क होत नाही. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, हे तुम्हाला मी काय सांगावे!

आणखी एक. रेल्वे स्वतः ड्रोन वापरते; ऑगस्ट २०२० पर्यंत आरपीएफने ३१ लाख ८७ हजार रुपयांचे ९ ड्रोन घेतले होते. उद्या कोणी गोड बोलून म्हणेल, काका, तुम्ही उडवताच आहात, जरा अमुक ठिकाणचे रूळ पाहून द्या. स्पष्ट नाही म्हणा. ते ट्रॅकमनचे काम आहे. हातोडीच्या आवाजावरून ढिली चावी ओळखणारा की-मन कॅमेऱ्यात बसत नाही. आपल्या फुकटच्या हौसेवर कोणाची पोस्ट सरेंडर झाली, तर याच सभागृहात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

माझी सूचना अशी, की दहा जणांनी मिळून एकच नॅनो यंत्र घ्यावे. बॅटरी अर्धा तासही टिकत नाही, त्यामुळे पाळी लावावी लागेल. रोस्टर मी करून देतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच उडवायचे, बॅटरी तापू द्यायची नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन बाकी असलेल्यांनी सध्या नुसते बघायला यावे. नावे आजच कार्यालयात द्या.