उभ्याने चालवायचं मशीन आणि आपली पंधरा गुंठे हिरवळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाउसमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते आपल्याच सोसायटीचे रहिवासी असून चाकण परिसरातील कारखान्यांत आवाराच्या देखभालीचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले आहे.)



पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात गवत कापायच्या मशीनवर बोलायला उभं केलेला मी बहुधा पहिलाच माणूस असेन. पण विषय तुमच्याकडूनच आलाय. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे बागेसाठी नवीन मशीन घेण्याचा विषय आहे. त्यातच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. मशीनच्या मागे छोट्या फळीवर माणूस उभा आहे, हातात दोन लिव्हर, आणि जागच्या जागी गर्रकन वळून तो मैदान साफ करत चाललाय. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला विचारणा झाली, "काका, तुमच्या चाकणला असतं ना हे? मग आपण का नाही घ्यायचं?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायचं तर आधी ते मशीन समजून घेऊ.

त्याला म्हणतात स्टँड-ऑन झिरो-टर्न मोवर. झिरो-टर्न म्हणजे वळायला वेगळी जागा लागत नाही. याला स्टिअरिंग नसतं. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर असते. डावा लिव्हर डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की मशीन सरळ जातं. एक पुढे आणि एक मागे केला की जागेवर फिरतं. खेड-चाकणकडच्या मंडळींना हे लगेच कळेल. बैलगाडी वळवताना आतला बैल आवरायचा आणि बाहेरच्याला चालू द्यायचं, तेच तत्त्व. पुढची दोन चाकं ट्रॉलीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. त्यांना ना ब्रेक, ना दिशा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गवत कापायच्या मशीनचा जन्मही कारखान्यातच झाला. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. कापड गिरणीत लोकरी कापडावरचे वर आलेले तंतू साफ कापणारं एक मशीन असायचं. हे कापडावर चालतं तर गवतावर का नाही, असं त्याच्या मनात आलं आणि १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एका खात्यातलं कैझन त्याने दुसऱ्या खात्यात लावलं! असं दोन लिव्हरचं झिरो-टर्न आलं ते १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या कॅन्सासमधून. उभं राहून चालवायचा प्रकार तर आणखी तीसेक वर्षांनी रुळला.

उभं का राहायचं? कारण समोरचं जास्त दिसतं, दगड किंवा पाइप लवकर नजरेत येतो. खड्ड्याचा दणका कमरेऐवजी गुडघे झेलतात. मशीन लांबीला कमी असतं. आणि काही बिघडलंच तर माणूस चटकन मागे उतरू शकतो. दिवसभर एकराच्या एकर कापणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

आता खोड सांगतो. एक चाक जागेवर ठेवून वळलं की ते चाक गवत मुळासकट खरवडतं, आणि हिरवळीवर मातीची गोल चकती उमटते. म्हणून जाणता ऑपरेटर शेवटाला थोडा मागे येतो आणि दोन्ही चाकं फिरती ठेवून वळतो. दुसरी गोष्ट उताराची. पुढच्या चाकांना ब्रेक नाही, हे मघाशी सांगितलं. म्हणजे दिशा आणि ब्रेक, दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर. ओल्या उतारावर ती पकड सुटली की मशीन आपलं ऐकत नाही, ते उताराचं ऐकतं. अशा मशीनसाठी साधारण १५ अंशांची मर्यादा सांगतात, म्हणजे चार फुटांत जेमतेम एक फूट चढ. आपल्या बी विंगच्या मागचा, नाल्याकडे उतरणारा भाग आठवा. तिथे पावसाळ्यात आपण चालतानाही कठडा धरतो.

आता हिशेब मांडू. या सभागृहात निम्मे लोक प्रॉडक्शनवाले आहेत, चुकलो तर टोका. ४८ इंची मशीन ताशी ८ किलोमीटरने चालवलं आणि वळणं, ओव्हरलॅप यांत वीस टक्के वेळ गेला, तर तासाला जवळपास दोन एकर होतात. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. आपली हिरवळ पंधरा गुंठे, तीही तीन तुकड्यांत. मध्ये झोपाळे, बाकडी, आंब्याचं आळं आणि गणपतीच्या मांडवाची जागा. कागदावर काम दहा-बारा मिनिटांचं. तेच ढकलत चालवायचं २१ इंची मशीन, माणसाच्या चालीने, तासाला बारा-साडेबारा गुंठे करतं. आपलं काम सव्वा तासात होतं. म्हणजे दर खेपेला वाचणार एक तास. त्या एका तासासाठी छोट्या मोटारीएवढे पैसे घालायचे, हा प्रश्न आहे.

वर्षाचं बघा. पावसाळ्यातले चार महिने दर आठवड्याला कापणी, एरवी पंधरा-वीस दिवसांनी. वर्षाला साधारण तीस खेपा. ढकलायचं मशीन चाळीसेक तास चालेल. मोठं मशीन पाच-सहा तास. उरलेलं वर्षभर ते जनरेटर रूमशेजारी उभं राहणार. आणि मंडळी, मशीन चालून झिजतं त्यापेक्षा उभं राहून जास्त सडतं. बॅटरी उतरते, उंदीर वायरिंग खातात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटर चोक व्हायला सुरुवात.

मग हे मशीन वाईट आहे का? अजिबात नाही. त्याची जागा वेगळी आहे. चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या गेटपासून पेंट शॉपपर्यंत पसरलेल्या हिरवळी बघा. आपल्या भागात कारखाना आणि हिरवाई ही जोडी जुनीच आहे. पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात सुमंत मुळगावकरांनी मुद्दाम तळं करवून घेतलं, झाडं लावून घेतली, हे आपल्यातल्या निवृत्त मंडळींनी रोज पाहिलंय. तशा आवारात मोठं मशीन शोभतं आणि परवडतंही.

आपल्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. २१ इंची, ढकलत चालवायचं किंवा स्वतः पुढे सरकणारं साधं मशीन घ्यावं. पण दरपत्रकं मागवताना नुसती किंमत बघू नका. तीन गोष्टी विचारा. एक, सुटे भाग पिंपरी किंवा भोसरीत मिळतात का? दोन, पातं आणि एअर फिल्टर आपला माणूस स्वतः बदलू शकेल का? तीन, हँडलवरचा दांडा सोडला की पातं किती वेळात थांबतं? अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की ढकलायच्या मशीनचा दांडा सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे. आपणही तेच मागायचं. आणि मिळाल्यावर तो दांडा सुतळीने बांधून ठेवायचा नाही! हात दुखतो म्हणून तो बांधलेला मी ठिकठिकाणी पाहिलाय.

देखभाल फार नाही. नवीन मशीनचं ऑइल पहिल्या पाच तासांनी, मग दर पन्नास तासांनी बदलायचं. म्हणजे आपल्याला वर्षातून एकदा. वीस-पंचवीस तासांनी पात्याला धार, म्हणजे वर्षातून दोनदा. काम झालं की डेकखालचं ओलं गवत खरवडून काढायचं, नाहीतर पत्रा गंजतो. आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. उन्हाळ्यात दोन इंच उंची राहू द्या. सावलीने माती ओली राहते. पंधरा गुंठ्यांना कडक उन्हात पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे दिवसाला साडेसात हजार लिटर, पाऊण टँकर! २०१९ पासून दिवसाआड पाणी अनुभवणाऱ्या आपल्या शहरात हे पाणी एसटीपीचंच हवं. आपलं गवत हरळीचं आहे. शेतकरी जिला शिव्या देतो आणि मोरया गोसावींच्या चिंचवडात जी आपण बाप्पाला दूर्वा म्हणून वाहतो, तीच ही. ती सहज मरत नाही. गवत जरा वाढलेलं दिसलं की लगेच ग्रुपवर फोटो टाकू नका, एवढीच विनंती.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलोय ते सांगतो. मशीन कोणतं, यापेक्षा ते कोण चालवणार, हा प्रश्न मोठा आहे.

२१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं, तेव्हा त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटर वेगाने फिरतं. गणित घरी करून बघा. त्या टोकाला सुपारीएवढा खडा लागला की तो खडा राहत नाही, गोळी होते. एका कंपनीच्या आवारात असाच खडा उडून पार्किंगमधल्या गाडीची बाजूची काच फुटलेली मी पाहिलीय. गाडीत कोणी नव्हतं, हे नशीब. आपल्या हिरवळीला लागूनच घसरगुंडी आहे.

आपण सगळे तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत काम करणारी माणसं. सेफ्टी शूज नसतील तर आपल्याला गेटच्या आत सोडत नाहीत. मशीनमध्ये हात घालायच्या आधी लॉक-आउट टॅग-आउट केल्याशिवाय आपण पुढे होत नाही. आणि संध्याकाळी त्याच बसमधून उतरून सोसायटीच्या गेटात शिरलो, की आपल्याच बागेत माळीकाका रबरी चप्पल घालून त्या पात्यामागे चालत असतात, आणि आपल्याला काही खटकत नाही. गेट बदललं म्हणून माणसाच्या पायाची बोटं स्वस्त होतात का?

म्हणून मशीनच्या ठरावातच या गोष्टी लिहून घ्या. माळीकाकांना पोलादी टोकाचे सेफ्टी शूज, डोळ्यांना गॉगल, कानाला इअर मफ. हे मशीनच्या किमतीतच धरा, पुढच्या बजेटवर ढकलू नका. पात्याला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची कॅप काढलेली, हाच आपला लॉक-आउट. गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. कापणीआधी एक फेरी मारून खडे, फटाक्यांच्या तारा, क्रिकेटचे स्टंप वेचायचे. कापणी सकाळी मुलं शाळेत असताना, दहा ते साडेअकरा. त्या वेळात खेळाची जागा दोरी लावून बंद. ओल्या गवतावर आणि नाल्याकडच्या उतारावर हे मशीन न्यायचंच नाही, तिथे झुडपं लावा, म्हणजे कापायची कटकटच नको. आणि माणूस कंत्राटदाराचा असला तरी त्याचा विमा आहे का, हे कागद बघून खात्री करा. अपघात आपल्या आवारात झाला तर "तो आमचा माणूस नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. कायद्याचं राहू द्या, मनालाही ते पटत नाही. ज्या माणसाच्या हातच्या हिरवळीवर आपली मुलं रांगायला शिकली, तो आपला नाही तर कोणाचा?

पैशाबद्दल एकच. सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा आणि पुनर्बांधणीचा पैसा आहे. आणि ज्यांना अजूनही ते उभ्याचं मशीन हवंच वाटतं, त्यांच्यासाठी एक वाट आहे. शेजारच्या पाच-सहा सोसायट्यांनी एकत्र येऊन एक मशीन आणि एक शिकवलेला ऑपरेटर ठेवावा. गावाकडे इर्जिक असायची, सगळे मिळून एकेकाचं शेत उरकायचे, तसं. मग मशीनला काम मिळेल, माणसाला बारा महिने पगार मिळेल. नावातच आपण सहकारी आहोत. सहकार कंपाउंडच्या भिंतीशीच थांबावा असं कुठल्या उपविधीत लिहिलंय?

तेव्हा सभेत हात वर करताना मशीनच्या रंगाकडे आणि किमतीकडे जरूर बघा, पण ठरावात सेफ्टी शूजची ओळ आहे का, ते आधी बघा. नसेल तर उभं राहून विचारा. मी पाठिंबा द्यायला बसलेलोच असेन.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!