जुन्या ठोकळ्यांचा सौदा



कंधार म्हटले की आधी किल्ला आठवतो, आणि किल्ल्याच्या पाठोपाठ आठवतो तो आपला लाल कंधारी बैल. हा बैल विकत घेताना आपला शेतकरी काय करतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तो जनावराचा जबडा उघडून दात बघतो, चार पावले चालवून बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो. आणि मग कुठे उपरण्याखाली बोटांची भाषा सुरू होते. माल समोर उभा असतो. विकणाऱ्याने काही लपवले, तरी घेणाऱ्याचे डोळे उघडे असतात.

आता असा एक बाजार डोळ्यांपुढे आणा, की जिथे घेणारा शंभर कोसांवर बसला आहे, माल त्याला दिसत नाही, आणि दात मोजण्याचे कामसुद्धा विकणाऱ्यानेच करायचे आहे. मोबाइलवरचा बाजार म्हणतात तो हाच. या बाजारातल्या एका लहानशा मालाविषयी मी आज बोलणार आहे. तो माल म्हणजे मुलांचे जुने, एकमेकांत घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे. विषय पोरकट वाटेल. पण थोडे ऐकून घ्या.

पुण्या-मुंबईचा किंवा परदेशातला एखादा काका-मामा लेकरासाठी लेगोचा डबा घेऊन येतो. चार वर्षे घरात किल्ले होतात, गाड्या होतात. मग लेकरू मोठे होते आणि डबा माळ्यावर जातो. हे खेळणे डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे. तिथे ओल किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून १९३४ साली लेगो हे नाव आले. पुढे प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्यांच्या मुलाने आजच्या ठोकळ्याचे पेटंट नोंदवले. वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, एवढीच काय ती युक्ती. पण ती इतकी नेमकी साधली, की १९५८ सालचा ठोकळा आज घेतलेल्या ठोकळ्यावर चपखल बसतो. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात, असा गणितज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे हे खेळणे जुने झाले तरी निकामी होत नाही. म्हणूनच त्याला दुसऱ्या हाती गिऱ्हाईक मिळते.

आता माझीच एक चूक सांगतो. गेल्या वर्षी माझ्या मुलाचा असा एक संच मी विकायला काढला. डबा हलवून पाहिला, खडखड वाजला, आणि मी बेधडक लिहून टाकले, 'संच पूर्ण आहे.' छायाचित्रही डब्यावरच्या चित्राचेच काढले. विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींनी तो पदरचे पैसे घालून घेतला. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "सर, गाडी झाली, पण मागच्या चाकांचा आस सापडंना. पोरं रोज विचारतात, आस कधी येणार?"

मी ओशाळलो. माळा धुंडाळला, कपाट धुंडाळले. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तो आस मी कंपासपेटीत ठेवला होता. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." आस टपालाने रवाना केला. दोन ठोकळे मात्र सापडलेच नाहीत, त्यांच्यापोटी काही रक्कम परत केली. व्यवहार मिटला. पण माझ्या एका शब्दावर विसंबून गुरुजींनी वर्गाला गाडी कबूल केली होती, आणि त्यांचा तो शब्द माझ्यामुळे अडकून पडला होता. हे काही रकमेने भरून निघत नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी शिकलो. एक, माल मोजल्याशिवाय 'पूर्ण' हा शब्द लिहायचा नाही. दुसरी, ज्याचे खेळणे आहे त्याला विचारल्याशिवाय ते विकायला काढायचे नाही. तेव्हा घरातला असा डबा विकायचा असेल, तर आधी लेकराला जवळ बसवा. ते नको म्हणाले, तर डबा राहू द्या. हो म्हणाले, तर मोजणीचे काम त्याच्याच हाती द्या. कुठला तुकडा कुठे हरवला, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

मोजायचे कसे? डब्यावर संचाचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाची जोडणीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि पुष्कळशा पुस्तिकांच्या शेवटी तुकड्यांची यादी असते. यादी समोर ठेवून एकदा पुरे खेळणे जोडा. काय उणे आहे, ते आपोआप कळते. तुकडे मळलेले असतील तर कोमट पाण्यात साबणाने हातांनी धुवा. पाणी चाळीस अंशांपेक्षा गरम नको. वाळवायचे ते सावलीत. आपल्याकडचे ऊन कसे असते ते तुम्ही जाणताच. उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडतात.

मग भेसळीचा प्रश्न. अस्सल लेगोच्या खुंटीवर बारीक अक्षरांत नाव उमटवलेले असते. मूळ पेटंटची मुदत केव्हाच सरली, त्यामुळे इतर कंपन्याही तसेच ठोकळे काढतात, आणि ते काढणे काही गुन्हा नव्हे. पण तूरडाळीत लाखेची डाळ मिसळून तूर म्हणून विकावी, तसे हे ठोकळे एकत्र करून लेगो म्हणून विकू नयेत. वेगळे करा, वेगळे सांगा.

छायाचित्र स्वच्छ उजेडात, आहे त्या मालाचे काढा. तडा गेला असेल, रंग उडाला असेल, तर तो भाग मुद्दाम जवळून दाखवा. बैलाची खोड आधी सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हा आपला जुना अनुभव इथेही खरा आहे.

किंमत ठरवताना वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी भुलू नका. रशियातील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या संचांच्या किमतींचा अभ्यास केला, आणि वर्षाला सरासरी ११ टक्के वाढ दिसते, असे दाखवले. पण ते संच न फोडलेले, कोरे करकरीत होते. आपला डबा लेकराने खेळून जुना केलेला. त्याने आपले काम केले आहे. तसाच माल किती रुपयांना प्रत्यक्ष गेला, ते पाहा. मागणारा काहीही मागतो. पार्सलचा खर्च कोण देणार, हे आधीच बोलून घ्या. संच फार अपुरा असेल, तर सुटे ठोकळे वजनावरही जातात. परदेशात तर २००० सालापासून ब्रिकलिंक नावाचा बाजार आहे. तिथे एकेक सुटा तुकडा रंग आणि क्रमांक पाहून विकतात.

आता पैशांविषयी दोन शब्द, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पैसे घेण्यासाठी समोरच्याने पाठवलेला चौकोनी क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकली की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. "मी सैन्यात आहे, लगेच पैसे पाठवतो, तुम्ही फक्त हे स्कॅन करा," असे कुणी गोड बोलून सांगू लागला, तर फोन ठेवून द्या. फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका; तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. आणि माल पाठवण्याआधी पैसे आले की नाही हे बँकेच्या खात्यात बघा, समोरच्याने पाठवलेल्या चित्रात नव्हे.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी या बाजाराची दुसरी बाजू आहे. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बालशाळा काढली, तेव्हा मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते भोवताली सहज मिळणाऱ्या वस्तू हाताशी धरून. महागडा नवा डबा शाळेला परवडत नाही, म्हणून काम अडू देऊ नका. जुने सुटे ठोकळे घ्या. बेरीज, अपूर्णांक, क्षेत्रफळ, सगळे त्यांत आहे. आठ खुंट्यांच्या ठोकळ्यावर चार खुंट्यांचा ठोकळा ठेवला, की 'अर्धा' म्हणजे काय हे फळ्यावर लिहावे लागत नाही. फक्त तीन वर्षांखालच्या लेकरांच्या हाती बारीक तुकडे देऊ नका. ते तोंडात घालतात.

श्रोतेहो, त्या गुरुजींनी पुढे मला एक छायाचित्र पाठवले. गाडी चार चाकांवर उभी होती आणि भोवती पोरे बसली होती. छपरावर दोन ठोकळ्यांची जागा रिकामी होती. तिथे पोरांनी पुठ्ठा कापून बसवला होता. ते चित्र मी मुलाला दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी मी मोजीन."

माळ्यावरचा डबा खाली काढाल, तेव्हा एवढेच करा. विका, द्या किंवा ठेवा. पण आधी विचारा, मग मोजा, आणि जे उणे असेल ते आपल्या तोंडाने सांगा.